खपलीरूप शैवाके : नमुन्यांचा संग्रह आणि त्यांची नोंद

महाबळेश्वरच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर, अंजनी, जांभूळ आणि हिरडा यांच्या राईतून चालताना झाडांच्या खोडांवर पांढरट, करडे, फिकट हिरवे असे डाग सर्वत्र दिसतात. कोणी चुन्याचे शिंतोडे उडविले असावेत असे प्रथमदर्शनी वाटते. झाडाला कसला तरी रोग जडला असावा, अशी शंकाही पुष्कळांच्या मनात येते. सहलीला आलेली मुले शिक्षकांना हाच प्रश्न विचारतात, आणि त्याचे उत्तर बहुधा त्यांना मिळत नाही. वास्तविक हे डाग म्हणजे रोग नव्हे. झाडाच्या सालीवर केवळ बूड टेकून राहणारी, झाडापासून अन्न न घेणारी ती शैवाके होत.

शैवाक हा एक जीव नसून दोन जिवांचा संसार आहे. कवक घर बांधते. त्या घरात राहणारे हिरवे किंवा निळे-हिरवे शैवल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. हे द्विदल स्वरूप स्वित्झर्लंडमधील सायमन श्वेंडेनर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६७ साली प्रथम स्पष्टपणे मांडले, तेव्हा त्या काळच्या नामवंत शैवाक-अभ्यासकांनी त्याची थट्टाच केली. आज ती गोष्ट शालेय पाठ्यपुस्तकात आली आहे.

आपल्या घरोघरी परिचित असलेले शैवाक म्हणजे मसाल्यातील दगडफूल. ते पर्णरूप असते. त्याची कड नखाने उचलता येते. झुडूपरूप शैवाके फांद्यांवरून दाढीप्रमाणे लोंबतात. या दोन्ही प्रकारांकडे लक्ष सहज जाते आणि म्हणून त्यांचे नमुनेही पुष्कळ जमा झालेले आहेत. तिसरा प्रकार खपलीरूप शैवाकांचा. यांना खालच्या बाजूची त्वचाच नसते. त्यांचे कवकतंतू थेट सालीत अथवा दगडाच्या कणांत शिरलेले असतात, त्यामुळे रंग दिलेल्या भिंतीवरून रंग सोलता येऊ नये तसे ते आधारापासून वेगळे करता येत नाहीत. काहींची तर काया संपूर्णपणे दगडाच्या आत असते व बाहेर केवळ त्यांची फळे काळ्या ठिपक्यांच्या रूपाने डोकावतात. जगात शैवाकांच्या सुमारे वीस हजार जाती ज्ञात आहेत आणि भारतात २,३०० हून अधिक जातींची नोंद झाली आहे. त्यांतील फार मोठा हिस्सा या उपेक्षित खपल्यांचा आहे.

पुण्यातील परंपरा

या विषयात महाराष्ट्राने केलेले कार्य सामान्य वाचकांस फारसे ठाऊक नाही. प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ साली पुण्यात स्थापन झालेली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. तेथील आजरेकर कवकसंग्रहालयात शैवाकांचा मोठा संग्रह आहे. डॉ. पां. गो. पटवर्धन आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दोन दशकांत सह्याद्रीतील खपलीरूप शैवाकांचा, विशेषतः ज्यांची फळे अक्षरांच्या फराट्यांसारखी दिसतात त्या ग्राफिस कुलाचा, अभ्यास केला. लखनौ येथे डॉ. धरणीधर अवस्थी यांनी आयुष्यभर जमविलेला संग्रह आता राष्ट्रीय वनस्पतिशास्त्र संशोधन संस्थेत आहे. भारत, नेपाळ व श्रीलंका येथील सूक्ष्म शैवाके ओळखण्यासाठी त्यांनी सिद्ध केलेली किल्लीवजा मार्गदर्शिका १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि आजही ती या क्षेत्रातील कार्यकर्त्याच्या टेबलावर असते.

हे सारे ज्ञान कपाटांतील पुड्यांवर उभे आहे. एखादी जात अमुक ठिकाणी होती हे सांगणारा पुरावा म्हणजे ती पुडी. छायाचित्र उपयोगी असते, परंतु खपलीरूप शैवाकांच्या बाबतीत ते बहुधा अपुरे ठरते. कारण बाहेरून तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या दोन जातींमधील भेद बीजाणूंच्या कप्प्यांत आणि कायेतील आम्लांत दडलेला असतो. त्यासाठी प्रत्यक्ष नमुना हाती असावा लागतो.

नमुना कसा घ्यावा

नमुना खरवडून घेऊ नये. चाकूने खरवडलेल्या शैवाकाची भुकटी होते आणि भुकटीवरून कोणालाही काही सांगता येत नाही. आधारासह नमुना घ्यावयाचा, हा पहिला नियम. त्यासाठी धारदार चाकू, लहान छिन्नी, अर्धा-पाऊण किलो वजनाची हातोडी, दहापट मोठे दाखविणारे भिंग, शिसपेन्सिल, टिपणवही आणि जुन्या वर्तमानपत्राच्या पुड्या एवढे साहित्य पुरते. छिन्नी चालविताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. बेसॉल्टची कपची किती वेगाने उडते हे अनुभवाने शिकण्याजोगे नाही.

प्रथम भिंगातून पाहावे. फळे धरलेली नसतील तर तो नमुना ओळखणे फार अवघड जाते. म्हणून चकत्या, ठिपके किंवा फराटे यांपैकी काहीतरी दिसत असलेला भाग निवडावा. सालीवर चाकू समांतर धरून पातळ चकती काढावी. आतली ओली साल उघडी पडता कामा नये, अन्यथा शैवाकासाठी आपण झाडालाच जखम करू. आंब्याच्या जाड सालीवर हे सोपे असते, जांभूळ-अंजनीसारख्या पातळ सालीवर हात फार हलका ठेवावा लागतो. नवशिक्याने उभ्या झाडाला हातच लावू नये असे माझे मत आहे. पावसाळी वाऱ्याने पडलेल्या फांद्या रानात विपुल असतात आणि त्यांच्यावर झाडाच्या शेंड्याकडील, एरवी कधीच हाती न येणारी शैवाके आयती मिळतात.

दगडाच्या बाबतीत दख्खनचा काळा पाषाण आणि कोकणचा जांभा यांचा स्वभाव वेगळा. बेसॉल्टच्या सलग पृष्ठावर छिन्नी घसरते. कड किंवा भेग पाहून तेथून कपची उडवावी लागते. जांभा उलट ठिसूळ. त्याचा तुकडा पुडीत पोहोचेपर्यंत त्याची माती झालेली असते. अशा वेळी पातळ केलेल्या डिंकाचे थेंब नमुन्याच्या खालच्या बाजूस सोडून तो सुकू द्यावा. सुटा दगड उचलणे सर्वांत सोयीचे, मात्र तो मूळ जागेवरचा आहे की वरून घरंगळत आला आहे याची नोंद केली पाहिजे.

किती घ्यावे, याला मर्यादा आहे. खपलीरूप शैवाके वर्षाला एक-दोन मिलिमीटर आणि पुष्कळदा त्याहूनही कमी वाढतात. तळहाताएवढा डाग पन्नास वर्षांचा असू शकतो. तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढा दोन नाण्यांएवढा भाग घेऊन उरलेला जागेवर ठेवावा, आणि एकच डाग दिसत असेल तर तो मुळीच काढू नये. त्याचे छायाचित्र मोजपट्टीसह घेऊन पुढे जावे.

प्रत्येक नमुना स्वतंत्र पुडीत. पुडीवर पेन्सिलीनेच क्रमांक घालावा, शाई ओलीने फुटते. प्लॅस्टिकची पिशवी वापरू नये. प्रस्तुत लेखकाने आरंभीच्या काळात आश्विनातल्या एका फेरीतील सोळा नमुने सोयीसाठी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आणले व ती पिशवी तीन दिवस तशीच राहिली. उघडली तेव्हा सर्वांवर बुरशीचा कापूस पिकला होता. सोळा ठिकाणी झाडांना आणि दगडांना दिलेला त्रास व्यर्थ गेला, ही रुखरुख अद्याप आहे.

टिपणवही

संग्रह करणाऱ्याची खरी परीक्षा टिपणवहीत होते. नमुना सुंदर असून नोंद नसेल तर तो केवळ दगडाचा तुकडा होय. उलट नमुना सामान्य असला तरी नोंद चोख असेल तर शंभर वर्षांनंतरही तो साक्ष देतो.

नोंद जागेवरच लिहावी, मुक्कामी परतल्यावर नव्हे. दिनांक, संग्राहकाचे नाव आणि त्याचा अनुक्रमांक हे आधी. हा अनुक्रमांक संग्राहकाच्या आयुष्यभर एकच चालतो. दरवर्षी एकपासून आरंभ करू नये आणि रद्द झालेला क्रमांक दुसऱ्या नमुन्यास देऊ नये. त्यानंतर अधिष्ठान, म्हणजे शैवाक ज्यावर वाढले ती वस्तू. ‘झाडावर’ एवढे लिहून भागत नाही. झाड कोणते, खोडावर की फांदीवर, जमिनीपासून किती उंचीवर, सालीचा पोत गुळगुळीत की भेगाळलेला, बाजू कोणत्या दिशेची, उन्हातली की सावलीतली, हे सर्व लिहावे. झाडाचे शास्त्रीय नाव ठाऊक नसल्यास स्थानिक नाव लिहावे व शक्य तर त्याचे एक पान सोबत ठेवावे. ग्रामस्थांनी सांगितलेले नाव पुस्तकातील नावापेक्षा वेगळे असले तरी ते ‘सुधारू’ नये. ओल्या नमुन्याचा रंग वाळल्यावर पालटतो, म्हणून तोही तेथेच टिपावा.

ठिकाणाच्या नोंदीबाबत थोडे अधिक विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण चुका येथेच अधिक होतात. महाराष्ट्रात वडगाव आणि पिंपळगाव या नावांची गावे किती आहेत हे महसूल खात्यातील कोणीही सांगेल. गाव, तालुका व जिल्हा ही तिन्ही नावे आलीच पाहिजेत. पण तेवढ्यानेही काम भागत नाही. आंबोली घाटात १९७५ च्या सुमारास गोळा केलेल्या नमुन्यावर ‘जिल्हा रत्नागिरी’ असे लिहिलेले असेल तर ते त्या वेळी बिनचूक होते. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. गडचिरोलीतील जुने नमुने चंद्रपूरच्या नावावर असतात, पालघरचे २०१४ पूर्वीचे नमुने ठाण्याच्या. असे जुने लेबल खोडून नवे लिहिण्याचा मोह संग्रहालयातील नव्या कर्मचाऱ्यास होतो. तो टाळावा. मूळ लेबल जसेच्या तसे ठेवून शेजारी दुसरी चिठ्ठी लावावी, तीवर दुरुस्ती करणाऱ्याचे नाव व दिनांक असावा. जिल्हे बदलतात, अक्षांश-रेखांश बदलत नाहीत. ते आता साध्या भ्रमणध्वनीवरही मिळतात, म्हणून उंचीसह तेही लिहावेत. मात्र केवळ आकडे लिहून गावाचे नाव गाळणे ही नवी चूक अलीकडे दिसू लागली आहे. आकड्यातील एक अंक चुकला तर नमुना अरबी समुद्रात जाऊन पडतो आणि मग त्याला परत आणणारे गावाचे नावच असते.

प्रयोगशाळेत आणि कपाटात

मुक्कामी आल्यावर पुड्या सावलीत, हवेशीर जागी उघड्या ठेवून वाळवाव्यात. पूर्ण वाळल्यावर किडे व त्यांची अंडी मरावीत म्हणून नमुने बंद पिशवीत सुमारे आठवडाभर उणे वीस अंश सेल्सिअस तपमानात गोठवितात. प्लॅस्टिकचा उपयोग आहे तो येथे, नमुना कोरडा झाल्यानंतर. पुढे सालीचा तुकडा जाड कागदावर डिंकाने चिकटवून आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवतात. पाकिटाचा आकार साधारण पंधरा सेंटिमीटर बाय दहा. दगडाचे तुकडे जड असल्याने खोक्यांतून ठेवावे लागतात. एकमेकांवर घासून फळे झिजू नयेत यासाठी मऊ कागद घालतात.

ओळख पटविण्याचे काम निवांतपणाचे आहे. फळाचा अतिशय पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचा रंग, कप्पे व लांबी-रुंदी पाहतात. ग्राफिसचे बीजाणू आयोडीनच्या द्रावणात निळे-जांभळे होतात. त्याची सालीवरची खपली नखाने किंचित उकरली तर आत नारिंगी छटा दिसते. ती तेथे राहणाऱ्या ट्रेंटेपोलिया नावाच्या शैवलाची. पावसाळ्यात ओलसर भिंतींवर आणि नारळाच्या खोडांवर जो नारिंगी थर दिसतो, तोही याच शैवलाचा.

रासायनिक परीक्षा १८६६ पासून चालत आली आहे. विल्यम न्यूलांडर या फिनलंडच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की कॉस्टिक पोटॅशचा आणि ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाचा एकेक थेंब शैवाकावर टाकला असता काही जातींत विशिष्ट रंग उमटतो. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, हे आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. खडकावरील काही नारिंगी शैवाकांवर पोटॅशचा थेंब पडताच तसाच चमत्कार घडतो आणि गर्द जांभळा-लाल रंग फुटतो. त्याच रंगाची दुसरी काही शैवाके मात्र ढिम्म राहतात. डोळ्यांना न दिसणारा भेद त्या एका थेंबाने कळतो. ही द्रावणे दाहक आहेत. विद्यार्थ्यांच्या हाती न देता शिक्षकांनी स्वतः वापरावीत, नमुन्याच्या बारीकशा तुकड्यावरच वापरावीत, आणि ब्लीचिंग पावडरचे द्रावण त्या दिवशी केलेले असावे. शिळ्या द्रावणाने खोटे उत्तर मिळते. परीक्षेचा निष्कर्ष, रंग न आल्यास ‘रंग नाही’ असाही, पाकिटावर लिहिला पाहिजे.

याच न्यूलांडरने त्याच वर्षी पॅरिसमधील लक्झेंबर्ग उद्यानातील शैवाकांची यादी प्रसिद्ध केली आणि शहराच्या इतर भागांत ती आढळत नाहीत, याचा संबंध हवेच्या शुद्धतेशी जोडला. हवा बिघडली की शैवाके नाहीशी होऊ लागतात. ती नाहीशी झाली असे म्हणावयाचे तर ती पूर्वी होती हे मात्र कुणीतरी नोंदवून ठेवलेले असावे लागते.

परवानगी आणि पंचायत

वनक्षेत्रातून नमुना घेण्यासाठी वन विभागाची लेखी परवानगी आवश्यक आहे. देवराईत कागदी परवानगीइतकेच गावकऱ्यांचे संमतीचे शब्द महत्त्वाचे. कित्येक देवरायांतून पडलेली काटकीही उचलत नाहीत, आणि तेथे पडक्या फांद्यांचा वर सांगितलेला सुलभ मार्गही गावाला विचारल्याशिवाय चोखाळू नये. किल्ले, लेणी, मंदिरे, वीरगळ यांच्या दगडांवर शैवाके भरपूर असली तरी तेथे छिन्नी लावणे सर्वथा निषिद्ध होय. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना १९५८ च्या कायद्याचे संरक्षण आहे. रत्नागिरीच्या सड्यांवरील कातळशिल्पांच्या बाबतीत हे विशेष जपले पाहिजे, कारण शैवाकाखाली झाकलेली रेषा पुष्कळदा अनोळखी माणसाला दिसतच नाही.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन करावयाच्या असून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे त्यांचे काम आहे. या नोंदवहीत वृक्ष, पिके, गुरे, पक्षी येतात. शैवाकांसाठी एक पान राखून ठेवण्यास कोणताही खर्च नाही. जातीचे नाव लिहिता आले नाही तरी ‘वेशीवरील जुन्या आंब्यावर, उत्तरेकडील बाजूस, पांढरी खपली, काळे फराटे’ एवढी नोंद, दिनांक व छायाचित्रासह, पुढील अभ्यासकास थेट त्या झाडापाशी आणून उभी करील. याच अधिनियमानुसार नवीन आढळलेल्या जातीची माहिती अधिकृत संग्रहस्थानास कळविणे व तिचा नमुना तेथे जमा करणे बंधनकारक आहे.

रस्ता रुंदीकरणाचा प्रश्न येथे टाळता येत नाही. घाटमाथ्यावरील जुन्या रस्त्यांच्या कडेची शंभर-शंभर वर्षांची झाडे तोडली जातात, तेव्हा झाडांची मोजदाद होते, लाकडाचे मूल्य ठरते, बदली रोपेही लावली जातात. त्या सालींवरील शैवाकांची कसलीही गणना नसते आणि नव्या रोपाच्या कोवळ्या सालीवर ती लगेच येतही नाहीत. तोड अटळ असेल तर निदान एवढे करता येईल : आदेश निघताच जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागास अथवा पुण्यातील संस्थांस पत्र धाडावे. झाड पडल्यावर ओंडके उचलले जाण्यापूर्वी मध्ये बहुधा काही दिवस जातात. त्या अवधीत बुंध्यापासून शेंड्यापर्यंतची सारी शैवाके, कोणत्याही जिवंत झाडाला इजा न करता, गोळा होऊ शकतात. प्रत्येक पुडीवर झाडाचे नाव, घेर, खोडावरील उंची, रस्त्याचे नाव व किलोमीटरच्या दगडाचा क्रमांक लिहावा, आणि त्याखाली ‘तोडलेल्या झाडावरून’ हे शब्द दिनांकासह अवश्य घालावेत, म्हणजे पुढे कोणी त्या ठिकाणी ते झाड शोधीत हिंडणार नाही.